भाडेकरूचा इतिहास

१

जुने घर विकायला निघते तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा इतिहासही विकायला निघतो. मोठ्या शहरांतील श्रीमंत वस्त्यांमधल्या घरांच्या जाहिराती वाचल्या की हे ध्यानात येते. चौरस फूट, खोल्या, उंच छत, सागवानी जिना यांच्या यादीत एखादे वाक्य हमखास असते की या वास्तूत अमुक सर राहत होते, तमुक संस्थानिक उतरत असत. इतिहास हा तेथे झुंबरासारखा शोभेचा ऐवज असतो. घेणारा त्याचेही पैसे मोजतो.

हा इतिहास कोणाचा? तो मालकाचा असतो. ज्याने घर बांधले, विकत घेतले, मुलाबाळांच्या नावे केले, त्याचा. त्याच घराच्या मागच्या खोलीत, पोटमाळ्यावर, जिन्याखाली जे राहिले त्यांची नोंद जाहिरातीत नसते. ज्यांना त्या घराची पायरीही चढू दिली गेली नाही त्यांची तर कोठेच नसते. वाडे, राजवाडे, बंगले जतन करावेत असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. ते जरूर जतन करावेत. परंतु ज्या समाजाच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या घरच नव्हते, त्याने आपला इतिहास कोणत्या भिंतींत शोधायचा, हा प्रश्न आमच्या इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे.

प्रस्तुत लेखात एका अशा घराची हकीकत मांडायची आहे, जेथे हा नेहमीचा क्रम उलटा झाला. लंडनच्या प्रिमरोज हिल भागात किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे एक घर आहे. एका रांगेत भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांपैकी ते एक. आज हा भाग लंडनमधील महागड्या वस्त्यांपैकी गणला जातो. २०१४ साली हे घर विक्रीस निघाले. त्याच्या मालकांची नावे तुम्हाआम्हाला ठाऊक नाहीत, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. ज्याच्यामुळे ते घर इतिहासात आले तो त्याचा मालक कधीच नव्हता. १९२१-२२ या काळात तेथे भाड्याने राहिलेला तो एक विद्यार्थी होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

म्हणजे हे भाडेकरूचे घर आहे. त्याच्याकडे त्याच दृष्टीने पाहिले तर आपल्या चळवळीच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, असे मला वाटते.

२

बाबासाहेबांच्या आयुष्यातील घरांची यादी केली तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. ज्या खोल्यांत त्यांची घडण झाली त्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्याच्या मालकीच्या होत्या. परळच्या बी. आय. टी. चाळीत, पहिल्या क्रमांकाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या हे त्यांचे सर्वांत दीर्घकाळचे बिऱ्हाड. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाणादाण उडाल्यावर सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि त्या ट्रस्टने कामगारांसाठी या चाळी उभ्या केल्या. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत राबायला आलेली कोकणातली आणि घाटावरची माणसे तेथे राहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून १९३४ च्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त जाईपर्यंत, बाबासाहेबांचा संसार या दोन खोल्यांत चालला. ‘मूकनायक’ १९२० साली निघाले ते याच काळात. १९२७ चा महाड सत्याग्रह, १९३० ची गोलमेज परिषद आणि १९३२ चा पुणे करारही याच काळातले. पुढाऱ्याचा पत्ता मात्र चाळीतला.

न्यूयॉर्कला १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तेथे जेवणाच्या टेबलावर त्यांना कोणी जात विचारली नाही. पुढे १९१६ मध्ये लंडनला गेले, पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत यावे लागले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. तेथे जे घडले ते त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. ते पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले असेल; तरी घराच्या दृष्टीने ते पुन्हा वाचावे.

अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या, संस्थानात अधिकारी म्हणून नेमलेल्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. हिंदूंच्या खानावळी बंद. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत, पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीत, एकट्याने, कंदिलाच्या उजेडात वाचत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि धर्मशाळा बाटवली म्हणून संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला बजावून गेले. दोन मित्रांकडे विचारले. हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोशी बोलायचे होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले.

शिक्षण घेतले की दारे उघडतात असे आपण मुलांना सांगतो. बडोद्यात शिक्षण होते, नोकरी होती, भाडे द्यायला पैसे होते. तरी दार उघडले नाही. पैशाने घर मिळते हा बाजाराचा नियम जातीपुढे लटका पडतो, याचा १९१७ चा हा लेखी पुरावा आहे. तो पुरावा एका भाडेकरूने लिहून ठेवला.

३

या पार्श्वभूमीवर किंग हेन्रीज रोडच्या खोलीकडे पाहावे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, १९२० च्या जुलैत बाबासाहेब अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले. या खटाटोपात राजर्षी शाहू महाराजांचा हात होता. नवल भथेना या पारशी मित्रानेही कर्जाऊ पैसे दिले. धर्मशाळेतून काठीने हुसकणारेही पारशी आणि न मागता विश्वास टाकणारा मित्रही पारशी. समाज एकसंध नसतो, त्यात माणसे असतात, हे बाबासाहेबांनी जन्मभर ओळखले होते.

येथे आमच्या टापूतल्या एका माणसाची आठवण करणे आवश्यक आहे. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे कृष्णराव अर्जुन केळूसकर. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या एका मुलाशी या शिक्षकाने ओळख केली. तो मॅट्रिक झाला तेव्हा आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचे नाव पोहोचवले. बागेतल्या त्या बाकाचे महत्त्व मला नेहमी वाटते. चाळीतल्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती म्हणून तो मुलगा बागेत बसत होता. घर अपुरे असलेल्या मुलाचे वाचनालय म्हणजे सार्वजनिक बाग. पुढे तोच मुलगा अधिकारी होऊन बडोद्यात गेला, आणि बेघर होऊन पुन्हा एका बागेतच बसला.

लंडनमधले दिवस चैनीचे नव्हते. धनंजय कीरांनी चरित्रात त्या उपासमारीचे वर्णन केले आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि काहीतरी गरम पेय, दुपारी काही नाही, दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री भूक अनावर झाली की पत्र्यावर भाजलेला पापड. त्या काळी किंग हेन्रीज रोडच्या भागाचे आजच्यासारखे मोल नव्हते. जवळून रेल्वेचा रस्ता जातो, आणि त्या परिसरातील पुष्कळ मोठ्या घरांतून खोल्या भाड्याने दिल्या जात. अशाच खोल्यांतून राहून बाबासाहेबांनी १९२१ मध्ये एम. एस्सी. पदवी मिळवली, १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने निघाला.

लंडनचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. जातीची विचारणा तेथे नव्हती, पण कातडीच्या रंगाची होती. काळ्या माणसाला खोली नाकारणे हे ब्रिटनमध्ये १९६८ चा वंशसंबंध कायदा होईपर्यंत उघडपणे चालत असे. ज्या साम्राज्याच्या चलनव्यवस्थेची चिरफाड बाबासाहेब करत होते, त्याच साम्राज्याच्या राजधानीत त्यांना भाड्याची खोली मिळत होती आणि त्याच साम्राज्याच्या मांडलिक संस्थानात मिळत नव्हती. हा फरक ब्रिटिशांच्या चांगुलपणाचा नाही. आपल्या व्यवस्थेच्या खोलीचा तो मापदंड आहे.

आणखी एक. ते लंडनमध्ये पापड भाजत होते तेव्हा परळच्या दोन खोल्यांत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. लंडनच्या घरावर पाटी लागली. परळच्या चुलीवर कोणी पाटी लावली? ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणाऱ्याच्या घरात रुपयाचा प्रश्न रोज कोण सोडवत होते, याचाही इतिहास भाडेकरूच्या इतिहासातच येतो.

४

आता विक्रीकडे वळू. २०१४ मध्ये दोन ऐतिहासिक घरे विकायला निघाली होती. दोन्ही श्रीमंत वस्तीत. पहिले मुंबईत, मलबार हिलवर. डॉ. होमी भाभा यांचा ‘मेहरांगीर’ बंगला. भारताच्या अणुशक्ती कार्यक्रमाच्या जनकाचे हे घर स्मारक म्हणून राखावे यासाठी काही कर्मचाऱ्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. लिलाव थांबला नाही. जून २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना तो विकला गेला, आणि २०१६ मध्ये पाडला गेला. मोठ्या शास्त्रज्ञाचे, मोठ्या मालकाचे, मोठ्या वस्तीतले घर. बाजाराने त्याची जमीन मोजली, इतिहास वजा टाकला.

दुसरे घर लंडनचे. तेथील आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने हे घर विक्रीला निघाल्याचे पाहून महाराष्ट्र सरकारला कळवले आणि ते विकत घ्यावे असा आग्रह धरला. पत्रे गेली, खेटे झाले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ३० लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. भाभांच्या घरामागे पैसा, प्रतिष्ठा, संस्था सर्व काही होते. ते राहिले नाही. आंबेडकरांच्या खोलीमागे परदेशात नोकऱ्या करणारी, त्यांच्या विचाराने बांधलेली सामान्य माणसे होती, ते राहिले. घर वाचवायला नुसता इतिहास पुरत नाही. त्या इतिहासाला आपला मानणारा संघटित समाज लागतो. दिल्लीच्या २६, अलीपूर रोडची कथा हेच सांगते. मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब तेथे राहिले, तेही सिरोहीच्या महाराजांच्या मालकीच्या घरात. ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे ते घर खासगी हातांत गेले आणि मूळ वास्तू उरली नाही. अनेक वर्षांच्या मागणीनंतर सरकारने जागा घेतली आणि १३ एप्रिल २०१८ रोजी तेथे नवे स्मारक उघडले. ज्या भिंतींनी शेवटचा श्वास ऐकला त्या भिंती मात्र गेल्या.

लंडनचे घर विकत घेऊन प्रश्न संपला नाही. राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी लागते. ती कॅम्डेनच्या नगरपरिषदेने २०१८ मध्ये नाकारली. राहण्याची जागा कमी होते, हे कारण. काही शेजाऱ्यांची तक्रार होती की बसगाड्या भरून लोक येतात, गोंगाट होतो. अपील झाले, २०१९ मध्ये चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी अपील मान्य करून संग्रहालयाला परवानगी दिली.

शेजाऱ्यांच्या त्या तक्रारीला जातीयवाद म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. लंडनमध्ये घरांची टंचाई आहे आणि राहती जागा राहती ठेवावी हे धोरण गरिबाच्याही हिताचे असू शकते. मात्र श्रीमंत वस्तीचा एक स्वभाव असतो, तो जगभर सारखा. इतिहास शांतपणे, पाटीवर, एका ओळीत असला तर त्याने घराची शोभा वाढते. त्या इतिहासाची माणसे पायऱ्या चढून आली की गोंगाट होतो. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लाखो माणसे येतात, तेव्हा शिवाजी पार्कच्या परिसरातून दरवर्षी कोणत्या तक्रारी ऐकू येतात हे वाचकांना सांगायला नको.

५

भाडेकरूचा इतिहास आज कोठे येऊन थांबला आहे? त्यासाठी कायद्याकडे पाहावे लागेल.

अमेरिकेत गोऱ्या वस्त्यांमधील घरे काळ्यांना विकायची नाहीत असे करार असत. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा करार न्यायालये अमलात आणणार नाहीत. १९६८ मध्ये तेथे घरांच्या व्यवहारातील भेदभावाविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याला १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे वा त्यात राहणे यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला गेला. म्हणजे कायदा आपल्याकडे अमेरिकेच्याही आधी झाला. परंतु २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, संस्थेचे सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध आहे. त्या संस्थेचा हेतू दलितांना वगळण्याचा होता असे मी म्हणत नाही. पण एका समाजाला जी भिंत बांधायची मुभा मिळते ती सर्वांनाच मिळते. मग शाकाहारी इमारती, अमुक ज्ञातीच्या सोसायट्या, तमुक संस्कृतीची कुटुंबे अशा सभ्य शब्दांनी तीच भिंत चढत जाते.

डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात एक अभ्यास केला. घर भाड्याने हवे म्हणून वेगवेगळ्या आडनावांनी विचारणा केली. सवर्ण नावाला जवळजवळ नेहमी होकार आला; दलित आणि मुस्लिम नावांना नकार, टोलवाटोलवी आणि जाचक अटी. १९१७ ची धर्मशाळा आणि एकविसाव्या शतकातला फोन यांत फरक एवढाच की आता काठी दिसत नाही.

मला स्वतःला तो फोन माहीत आहे. प्राध्यापकीची नोकरी लागली तेव्हा खोली पाहत होतो. दलालाने आधी भाडे सांगितले, अनामत सांगितली, मग गाव विचारले, मग आडनाव. ‘मालकांशी बोलून कळवतो’ म्हणाला. तसे चार दलाल झाले. घराण्यातला मी पहिला पदवीधर. वेतनचिठ्ठी खिशात होती. पाचवी खोली मिळाली ती आमच्याच माणसाच्या घरात, माळ्यावर. हे काही माझे विशेष दुःख नाही. हा लेख वाचणाऱ्या बहुतेक शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पदरी असा एकेक फोन असणार. त्यांची नोंद व्हायला हवी, कारण नोंद न झालेला नकार इतिहासात घडलाच नाही असे धरले जाते.

६

माझे गाव आरोंदा. सावंतवाडी तालुक्याच्या टोकाला, तेरेखोल खाडीच्या काठी. पलीकडे किरणपाणी, गोव्याचा पेडणे तालुका. पूर्वी होडीने पलीकडे जात, आता पूल आहे. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. पलीकडचा गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा. खाडीच्या दोन काठांवर दोन राज्ये, दोन कायदे. पण घराचा प्रश्न दोन्हीकडे एकच. आमच्या वाडीत म्हणतात, “घर आमचा, पण भुंय भाटकाराची.” मातीच्या भिंती आम्ही थापल्या, चुडतांच्या जागी नळे आम्ही घातले, चिरे डोक्यावरून आम्ही वाहिले. सात-बाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचे. आजोबा वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईला गेले ते गाववाल्यांच्या खोलीत, दहाबारा जणांत पथारीपुरत्या जागेचे भाडेकरू होऊन. आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी चिरेबंदी घर बांधले तेही दुसऱ्याच्या जमिनीवर. मुंबईत भाडेकरू, गावात मुंडकार.

याही बाबतीत कायदे आहेत. १९४८ च्या कुळकायद्यात कुळाच्या राहत्या घराला संरक्षण आहे, आणि घराखालची जागा विकली जात असेल तर ती प्रथम विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. शेतमजूर आणि कारागीर यांनाही ते लागू आहे. पलीकडे गोव्यात १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आहे. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच कोकणासाठी. घराखालची जमीन ज्याची, त्याचा घरातल्या माणसावर हुकूम चालतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. पेडण्याच्या मोपा येथे २०२२ च्या डिसेंबरात नव्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले, आणि खाडीकाठच्या जमिनी विचारीत दलाल आमच्या गावापर्यंत आले. खाडीचे दृश्य, माडांची सावली, जुने कौलारू घर. शहरातल्या माणसाला सुटीपुरते हवे असते ते हेच. ‘जुने कोकणी घर विक्रीस’ अशी जाहिरात निघते तेव्हा त्या घराच्या मागच्या बाजूला तीन पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराचे घरही त्याच सात-बाऱ्यात असते, हे जाहिरात सांगत नाही. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ती अडचण वाटते. प्रिमरोज हिलमध्ये भाडेकरूच्या नावाने घराला इतिहास मिळाला. आरोंद्यात भाडेकरूमुळे घराची किंमत पडते.

७

मग लंडनचे घर घेऊन आपण मिळवले काय? काहीजण म्हणतात, एवढ्या पैशांत येथे किती वसतिगृहे झाली असती. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. ज्यांनी कधी वसतिगृहांसाठी तोंड उघडले नाही तेही नेमके आंबेडकरांचे घर घेताना हिशेब मांडतात, म्हणून तो सबंध पटत नाही. ते घर घेतले हे योग्यच झाले. पण कशासाठी घेतले याचा अर्थ मात्र आपण नीट लावला पाहिजे.

बाबासाहेबांनी स्वतः भाडेकरूपणातून काय धडा घेतला? लंडनहून १९२३ मध्ये परतल्यावर १९२४ च्या जुलैत त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि १९२५ च्या जानेवारीत या सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. देवळाच्या आधी, पुतळ्याच्या आधी, विद्यार्थ्याची खोली. त्याच्याही आधी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले होते. आमच्या चळवळीने बांधलेली खरी वास्तू म्हणजे वसतिगृह. ज्याला गावात घर आहे पण जमीन नाही, शहरात पैसा आहे पण खोली नाही, त्याच्यासाठीचे घर. पुढे ‘राजगृह’ बांधतानाही त्यांनी आधी विचार केला तो ग्रंथांना पुरेल एवढ्या जागेचा.

आज सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या नावाची ‘स्वाधार’ योजना आहे. सुरुवातीच्या तरतुदीनुसार मोठ्या शहरांत राहणे, जेवण वगैरेसाठी वर्षाला ६० हजार रुपये. योजना चांगली. पण ती बडोद्याच्या दीड रुपयासारखी आहे. भाडे हातात दिले, दार उघडण्याची हमी दिली नाही. पैसे बँकेत जमा होतात, आणि विद्यार्थी आडनाव सांगत दलालांकडे फिरतो. म्हणून भाडेमदत ही वसतिगृहाची जागा घेऊ शकत नाही. सरकारने वसतिगृहाच्या जागा वाढवण्याचे काम बाजारावर सोडून दिले, तर ज्या बाजाराने बाबासाहेबांना बागेत बसवले त्याच बाजाराच्या हाती आपली मुले सोपवल्यासारखे होईल.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. लंडनच्या घरात काय मांडायचे याचा विचार करणाऱ्यांनी तेथे भाडेकरूचा इतिहास मांडावा. बडोद्याची धर्मशाळा, परळच्या दोन खोल्या, रमाबाईंचे घर, सोलापूरचे वसतिगृह हे सगळे तेथे दिसले पाहिजे. नाहीतर ते श्रीमंत वस्तीतले आणखी एक शोभिवंत घर होईल. परळच्या चाळीचा पुनर्विकास आणि स्मारक यांचा विचार होईल तेव्हा त्या चाळीत आज राहणारा भाडेकरू तेथून हलता कामा नये. बाबासाहेबांच्या नावाने एका भाडेकरूला घराबाहेर काढणे यापरता विपर्यास नाही. आणि येथे, आमच्या खाडीकाठी, ज्यांच्या घराखालची भुंय अजून दुसऱ्याची आहे त्यांची वाडीनिहाय यादी कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, सुटीत गावी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी करावी. कोण केव्हापासून राहतो, घरपट्टी कोणाच्या नावे, विजेचे बिल कोणाच्या नावे, जुन्या जाणत्यांचे जबाब, हे कागद गोळा करून तहसील कचेरीत अर्ज टाकावेत. जमिनीचा सौदा होण्यापूर्वी हे झाले तर प्रथम खरेदीचा हक्क कामी येईल. सौदा झाल्यावर तो हक्क मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

आमच्या वाडीची यादी आम्ही या उन्हाळ्यात करायला घेतली आहे. शेजारच्या गावांतून कोणी हे काम करणार असतील तर अर्जाचा नमुना आणि लागणाऱ्या कागदांची यादी त्यांना देता येईल.